हातच्याची वजाबाकी आणि माडाचे हीर

हर्णैजवळच्या आमच्या शाळेत तिसरीची निम्मी मुलं ५२ − २७ = ३५ लिहायची. ‘सराव कमी’ म्हणत मी जुलैभर आणखी गणितं घातली. (चूक माझीच.) कृतिसंशोधन (आपल्याच वर्गातली अडचण आपणच तपासून सोडवणं) करायचं ठरवल्यावर आधी नुसत्या वह्या वाचल्या. मुलं प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान वजा करत होती!

मग माडाच्या हिरांचे (झावळीच्या पात्यांतल्या काड्यांचे) तुकडे करून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. दोन सुट्यांतून सात जाईनात, तेव्हा एक जुडी सोडावीच लागली. तरी वहीत दशक कमी करायला विसरत. म्हणून नियम केला, जुडी सुटली की लगेच पाचावर काट. नारळीपौर्णिमेनंतरच्या चाचणीत जुनी चूक तिघांचीच उरली.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडलेलं कृतिसंशोधनाचं चक्रही असंच: योजना, कृती, पडताळणी, पुन्हा योजना. तिघांसाठी आता नाणी काढलीत.