जेरिअ‍ॅट्रिक्स शिक्षणाच्या अनुदानाचा हिशेब लिहिताना

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून अमेरिकेतल्या एका विद्यापीठात लागले, तेव्हा वाटलं होतं की वृद्धांमध्ये बसून काम करायचं. पहिले सहा महिने गेले हजेरीपटांत. आमच्या विभागाला ‘हर्सा’ या केंद्रीय संस्थेचं जेरिअ‍ॅट्रिक्स (म्हणजे वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या) शिक्षणाचं अनुदान होतं आणि वार्षिक अहवाल माझ्याकडे होता. या वाटेने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

योजनेचं नाव जीडब्ल्यूईपी, म्हणजे ‘जेरिअॅट्रिक्स वर्कफोर्स एनहान्समेंट प्रोग्रॅम’. २०१५ साली ४४ संस्थांपासून सुरुवात झाली. २०२४ मध्ये ४२ संस्थांसाठी २० कोटी ६० लाख डॉलर जाहीर झाले. बातमीत एवढंच वाचलं तर रक्कम एकदम हातात पडली असं वाटतं. ती पाच वर्षांची आहे. संस्थेमागे वर्षाला साधारण १० लाख, तेही काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दरवर्षी निधी मंजूर केला तर. म्हणून यूएसएस्पेंडिंग या सरकारी संकेतस्थळावर ९३.९६९ हा योजना क्रमांक टाकून स्वतः बघा. तिथे मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम वेगळ्या दिसतात. माझ्या मते नोकरीच्या मुलाखतीआधी एवढं तरी वाचलंच पाहिजे.

अहवालाचं वर्ष १ जुलै ते ३० जून. खरी अडचण माणसं मोजण्याची. एकच नर्स स्मृतिभ्रंशाच्या वर्गाला आली आणि पडण्यापासून बचावाच्याही, तर हजेरी दोन, माणूस एक. पहिल्या वर्षी मी दोन्ही बेरजेत धरलं. चूक अहवाल पाठवायच्या आदल्या आठवड्यात सापडली आणि मी सगळे पट पुन्हा लावले. तेव्हापासून पहिल्याच वर्गात प्रत्येकाला एक क्रमांक देते. तुम्हीही द्या.

पण नुसत्या आकड्यावर मन भरत नाही. वर्गात ‘फोर-एम’ (इंग्रजीत ‘एम’शी जोडलेल्या चार गोष्टी) शिकवतात: वृद्धाला काय महत्त्वाचं वाटतं, औषधं, मन-बुद्धी, हालचाल. एका नर्सिंग होममधल्या मदतनीस बाई वर्गानंतर थांबल्या. त्यांच्याकडच्या आजोबांच्या पिशवीत एकच झोपेची गोळी दोन नावांनी निघाली होती. बाईंनी ती नर्सला दाखवली, डॉक्टरांनी एक बंद केली. आमच्या अहवालात त्या बाई म्हणजे ‘१’.

तो प्रसंग मी वर्णनाच्या भागात लिहिला आणि आमच्या नोंदवहीत नवा रकाना आखला: वर्गानंतर कुणाकुणाची औषधं तपासली. पहिल्या महिन्यात त्यात सात नोंदी आल्या.