गंजलेला तंबाखूचा टिनचा डिस्प्ले: माझा अनुभव

जुन्या अमेरिकन जनरल स्टोअरमधले तंबाखूचे डिस्प्ले जमवायचा नाद लागलाय मला, आणि त्यातला एक लकी स्ट्राइक या सिगारेट ब्रँडचा काउंटरवर ठेवायचा टिनचा स्टँड आला तेव्हा खालची कड पूर्ण गंजलेली, वर धुराचा पिवळट थर. पाकीट हिरवं छापलेलं, म्हणजे डिझाइन 1942 च्या आधीचं, कारण त्या वर्षी त्यांनी पाकीट पांढरं केलं. (नक्कल करणारेही हिरवंच छापतात म्हणा, म्हणून मी आधी मागची बाजू आणि स्क्रूची भोकं बघतो.)

पहिली चूक म्हणजे गंजावर व्हिनेगर लावलं. दहा मिनिटांत छापलेल्या पाकिटावरच्या लाल गोलाची कड फिकी पडली, नखाएवढी, पण रोज दिसते! टिनवरची लिथो छपाई म्हणजे पातळ शाई आणि वार्निश, इनॅमलच्या पाटीसारखी भाजलेली काच नव्हे, हे तेव्हा सुचलंच नाही.

मग शांतपणे केलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक थेंब सौम्य साबण, कानाचा कापूस, आधी मागच्या कोपऱ्यात ट्रायल, मग चौकोनी इंचाइंचाने पुढे, बोळा तपकिरी होत गेला आणि खालचा हिरवा उघडा पडला. लगेच कोरडं पुसलं. जिथे नुसता पत्रा उघडा होता तिथेच हलकं मशीन ऑइल आणि 0000 नंबरची स्टील वूल (अगदी बारीक पोलादी तारांचा गोळा), छापलेल्या भागावर अजिबात नाही. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा, म्हणजे संरक्षक मेणाचा, पातळ हात.

रंग भरून टचअप मात्र केलं नाही. फिकी कड तशीच आहे.