दुसऱ्या बॅप्टिस्ट मंडळीबरोबर काम करायचंय? आधी वादाची जागा ठरवा

मी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार. धर्मशास्त्र शिकलेली नाही. पण मे महिन्यातली मुलांची व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, आमच्याकडे तीन बॅप्टिस्ट मंडळ्या मिळून घेतात, आणि अकरा वर्षं तिचा हिशोब माझ्या वहीत आहे. आमची मराठी, एक तेलुगू, एक इंग्रजी. पाण्याबद्दल तिघींचं एकमत: कळत्या वयात, स्वतःच्या कबुलीनं, पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. त्यापुढचं विचारू नका. एकीकडे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस, फक्त स्वतःच्या सभासदांना. दुसरीकडे बाई व्यासपीठावर चढत नाही. तिसरी आम्ही, आमच्यात बायका संदेशही देतात.

नवीन माणसं उत्साहानं पहिली चूक करतात ती अशी, की आधी धर्मशिक्षणावर एकमत करू आणि मग कामाला लागू. आम्हीही केली. पहिल्या वर्षी तिन्ही पाळक आणि डीकन (मंडळीचं कामकाज बघणारे सेवक) आमच्या हॉलमध्ये जमले, आणि देवानं माणूस आधीच निवडलेला असतो की काय, यावर अडीच तास गेले. समोसे गार झाले. व्हीबीएसची तारीख ठरलीच नाही.

म्हणून बैठकीला बसण्याआधी कागदावर एकच प्रश्न लिहा: या कामात पाणी (बाप्तिस्मा), मेज (प्रभुभोजन) किंवा व्यासपीठ येतं का? मुलांचे वर्ग, पूरग्रस्तांना धान्य, दफनभूमीची भिंत, यांत नाही येत. ही कामं बिनधास्त एकत्र करा. एकत्र प्रभुभोजन, एकत्र बाप्तिस्मा, पाळकांची अदलाबदल, यांत येतं. तिथे सावकाश.

हे आपल्यालाच का ठरवावं लागतं, तर आपल्यात वर कुणी नाही. बिशप नाही, हुकूम नाही. १६४४ साली लंडनच्या सात मंडळ्यांनी मिळून विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची कबुली, छापला, तरी प्रत्येकीची सभा आपापल्या घरची मालक राहिली. मंडळ्यांचा संघ फार तर तुमच्याशी संबंध तोडेल, तुमच्या दाराची किल्ली नाही घेऊ शकत. त्यामुळे ‘वरून निर्णय येईल’ म्हणून थांबू नका. वर छप्पर आहे, बस.

मेजाचा वाद आपल्याला नवा नाही. श्रीरामपूरला (आपलं नगरचं नव्हे, बंगालमधलं) विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड हे बॅप्टिस्ट मिशनरी एकाच आवारात राहत. बुडवून बाप्तिस्मा न घेतलेल्याला प्रभुभोजनाला बसवायचं का, यावर त्यांचं जमत नव्हतं. वॉर्ड बसवायच्या बाजूचा, इंग्लंडमधला त्यांचा चिटणीस अँड्र्यू फुलर ठाम विरोधात. पण छापखाना चालूच होता. मराठीचं व्याकरण १८०५ साली, कोश १८१० साली, याच माणसांच्या हातून आले. मेजावर एकमत होईपर्यंत छपाईचे खिळे जुळवायचे नाहीत असं कुणी ठरवलं असतं तर? आमच्या डीकनांना मी हे दरवर्षी सांगते. दरवर्षी ते म्हणतात, ‘हो बाई, ऐकलंय.’

तेव्हा व्हीबीएसच्या समारोपाला प्रभुभोजन ठेवू नका. कुणी हौसेनं सुचवेलच. ‘आपापल्या मंडळीत, येत्या रविवारी’ एवढंच उत्तर द्या, कारणं सांगत बसू नका. कारणं निघाली की समोसे गार.

सीएनआयबरोबर काम करायचं असेल तर आणखी एक गाठ लागते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, त्यात बॅप्टिस्टही होते. बालकांचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही तिथे मान्य झाले. काही बॅप्टिस्ट मंडळ्यांना हे पटलं नाही, त्या बाहेर राहिल्या. आज आपल्या मुलींची सोयरीक सीएनआयवाल्यांत होते, त्यांच्या मुली सुना म्हणून आपल्याकडे येतात. म्हणून पत्रिका छापण्याआधीच विचारून घ्या: तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या सुनेला तुम्ही सभासद म्हणून घ्याल, की पुन्हा पाण्यात उतरा म्हणाल? ‘पुन्हा’ हा शब्दच त्यांना टोचतो. आपल्या लोकांना तो ‘पुन्हा’ वाटतच नाही, पहिलाच वाटतो. एवढं तरी दोन्हीकडे कळलेलं असावं.

व्यासपीठाचं आम्ही असं केलं: ज्यांचा हॉल, त्यांची रीत. तिसऱ्या वर्षी समारोप त्या मंडळीत होता जिथे बाई वर चढत नाही. हिशोब वाचायची माझी वेळ आली. त्यांच्या एका डीकननी माइकचा स्टँड उचलला, पायरीवरून खाली आणला, मोकळ्या फरशीवर ठेवला आणि उंची माझ्या हनुवटीपर्यंत कमी केली. फार अदबीनं. मी मंडपवाल्याचे, खाऊचे, रंगीत कागदाचे आकडे वाचले. वायर आखूड पडली म्हणून अर्धी पाठ लोकांकडे. राग आला का? आला. घरी जाताना त्यांच्या पाळकसाहेबांना म्हटलंही, ‘मला हे पटत नाही, पण तुमच्या घरी तुमचं.’ ते म्हणाले, ‘बहिणी, मला तुमचंही पटत नाही.’ पुढच्या वर्षी आमच्या हॉलमध्ये मी वरून बोलले, ते दुसऱ्या रांगेत बसले होते, शेवटपर्यंत. पटल्याचं सोंग आणू नका. सोंगाचा पैसा एप्रिलमध्ये वसूल होतो.

कारण रुसवा वर्गणीतून निघतो. एका वर्षी एका मंडळीचा चेक आलाच नाही. विचारलं तर ‘सभेत विषय आहे’. विषय काय, तर आमच्या वक्त्या. मंडपवाल्याला इसाराची रक्कम द्यायची होती ती मी घरातून दिली. तेव्हापासून नियम: वाटा ३१ मार्चपर्यंत, चेकनं, सोबत पत्र आणि पत्रात ‘व्हीबीएससाठी’ असं स्पष्ट. पावती एकाच ट्रस्टची. नंतर वाद झाला तर पैसे परत मागायचे नाहीत, आणि पैसे दिले म्हणून वक्ताही ठरवायचा नाही.

अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांचं बघा. १९२५ साली त्यांनी प्रत्येक संस्थेनं वेगळी झोळी फिरवायचं थांबवलं, एकच निधी केला, आणि त्याच वर्षी विश्वासाचा अंगीकारही मंजूर केला. सोय मोठी झाली. पण निधीत कोण बसतं आणि अंगीकारात कोण बसतं, हे दोन प्रश्न एकमेकांत अडकले. स्त्री पाळकांच्या मुद्द्यावर २०२३ मध्ये त्यांनी सॅडलबॅकसारखी भलीमोठी मंडळी बाहेर काढली. पुढच्या वर्षी तोच नियम घटनेत घालायला ६१ टक्के मतं पडली, हवी होती दोन-तृतीयांश. आपण तीन मंडळ्या, एक मंडप. आपला कागद साधाच ठेवा.

आमचा एका पानाचा आहे. काम कोणतं, किती दिवस. पाणी आणि मेज यात नाही. हॉल ज्यांचा, रीत त्यांची. मुलांना शिकवायचे धडे तिन्ही पाळकांनी फेब्रुवारीत वाचायचे, खोडायचं ते तेव्हाच खोडायचं. तक्रार असेल तर कुणाबद्दल आणि कशाबद्दल हे नाव घेऊन, बैठकीत. या शेवटच्या ओळीवर मी अडून बसले होते. १८८७ साली लंडनचा नावाजलेला बॅप्टिस्ट उपदेशक स्पर्जन इंग्लंडच्या बॅप्टिस्ट युनियनमधून बाहेर पडला तेव्हा धर्मशिक्षण बिघडल्याचा आरोप त्यानं केला, पण माणसांची नावं उघड केली नाहीत. पुढच्या वर्षी युनियननं त्याच्यावरच ठपका ठेवला. त्याचं म्हणणं खरं असेल किंवा नसेल, पण बिननावाच्या तक्रारीवर सभेत कुणाला काही करता येत नाही.

आणि सही झाल्यावर लगेच एक विचारा: उरलेल्या पैशाचं काय? हे कुणीच ठरवत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे ११४० रुपये आणि दीड रीम कार्डशीट उरली. तिघांत सारखे, प्रत्येकी ३८० रुपये, पावतीसह परत. कार्डशीट तेलुगू मंडळीकडे गेली, त्यांच्याकडे कोरडं कपाट आहे.