दम हवा असेल तर: कराटे-जुडो खेळणाऱ्यांनी सिगारेट कशी सोडावी

पहिलं दीड मिनिट माझं काही अडायचं नाही. हात चालायचे, पाय उठायचे, समोरच्याचं अंतर बरोबर कळायचं. दुसरं मिनिट संपता संपता तोंड उघडं पडायचं, खांदे वर यायचे, आणि समोरच्याला ते दिसायचं. सीनियर गटात कुमितेची, म्हणजे समोरासमोरच्या लढतीची, फाइट 3 मिनिटांची असते, माझी दोन मिनिटांतच आटोपायची. वय झालं, असं मी सगळ्यांना सांगायचो. तेव्हा मी 31 वर्षांचा होतो आणि रोज दहा-बारा सिगारेटी ओढत होतो.

शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी लहान मुलांचा क्लास घ्यायचो. एका नऊ वर्षांच्या मुलीची मूठ नीट बसत नव्हती, म्हणून खाली वाकून तिचा अंगठा बोटांवर बसवून दिला. तिनं मान वळवली. "सर, तुमच्या हाताला वास येतो," म्हणाली. रागानं नाही, सहज. त्या रात्री मी पाकीट कचऱ्यात टाकलं आणि पाचव्या दिवशी नवं घेतलं. पुढं आणखी दोनदा तेच झालं. चौथ्यांदा सुटली, कारण तेव्हा पद्धत बदलली होती. ती पद्धत इथं सांगतो.

आपल्या खेळातल्या माणसाची एक मोठी अडचण असते. शिस्त आपल्या अंगात आहे, वेदना सोसायची सवय आहे, तेव्हा सिगारेटही नुसत्या निग्रहानं सुटेल असं आपण धरून चालतो. पण नुसत्या जिद्दीवर फाइट तरी कुठं निघते? समोरचा कुठून येतो, कधी येतो, हे ओळखावं लागतं. सिगारेटचंही तसंच आहे.

आधी सात दिवस नुसतं लिहा

सोडायच्या आधी एक आठवडा, ओढायची तेवढी ओढा, पण प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी वहीत एक ओळ लिहा. वेळ, जागा, सोबत कोण, आणि का. माझ्या वहीत सात दिवसांत 74 ओळी भरल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त तीनच ठिकाणच्या होत्या: सकाळचा चहा, ऑफिसखालची टपरी, आणि क्लास सुटल्यावर पार्किंगमध्ये. पार्किंगमधली बघून मला खरंच धक्का बसला. ज्या दीड तासात सिगारेटची आठवणही येत नव्हती, तो संपल्यावर पाच मिनिटांत हातात लायटर.

आणखी एक गोष्ट नोंदवा. उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानं लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे, असं समजा आणि औषधाची मदत आधीपासूनच ठरवून ठेवा.

तारीख ठरवा, पण वजनगट बघून

स्पर्धा किंवा ग्रेडिंग (बेल्टची परीक्षा) दोन आठवड्यांवर आलं असेल तर त्याच आठवड्यात सोडायला जाऊ नका. चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणं हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवडे टिकू शकतो. फाइटच्या दोन-अडीच महिने आधी सोडली तर हे मागं पडलेलं असतं. रक्ताभिसरण आणि फुप्फुसांची ताकद सुधारायला 2 ते 12 आठवडे लागतात, म्हणजे त्याचा फायदाही स्पर्धेत मिळतो. समोर कुठलीच स्पर्धा नसेल तर येत्या पंधरा दिवसांतली तारीख धरा. "सीझन संपू दे" म्हणत मी दोन वर्षं घालवली.

आता वजन. याबद्दल आपल्यात फारसं कुणी बोलत नाही. निकोटिन भूक मारतं आणि शरीराचा कॅलरींचा खर्च थोडा वाढवतं, म्हणून वजन उतरवायच्या दिवसांत जेवणाऐवजी सिगारेट ओढणारे खेळाडू मी पाहिलेत, मीही ते केलंय. सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतात. 67 किलोखालच्या गटात काठावर खेळणाऱ्याला हे आधीच माहीत हवं, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात काटा बघून तो परत पाकीट उघडतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे: त्या वर्षी वरचा गट घ्या. 75 मध्ये पूर्ण दमानं खेळलेलं बरं. सिगारेट सोडणं आणि कडक डाएट, दोन्ही एकदम करू नका. खिशात फुटाणे, बडीशेप, लवंग ठेवा. तोंडाला चाळा मिळतो आणि वेफर्सकडे हात जात नाही.

मदत घ्या, त्यात कमीपणा नाही

सिगारेटच्या पाकिटावर 1800-11-2356 हा नंबर छापलेला असतो. ती तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत. मी वर्षानुवर्षं तो नंबर हातात धरून हिंडलो आणि एकदाही वाचला नाही. पहिला फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. कधी ओढता, कुठं ओढता, एवढंच विचारलं. वही समोर होती, म्हणून उत्तरं तयार होती.

निकोटिनचा गम मेडिकलमध्ये मिळतो. 2 मिलिग्रॅमचा बऱ्याच जणांना पुरतो. सकाळी उठल्याउठल्या लागत असेल तर 4 मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारा. हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल, तर कुठलाही गम त्यांना विचारूनच घ्या. हा गम च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो, आणि नेमकं इथंच लोक चुकतात. हळूहळू चावायचा, जिभेला तिखट झिणझिण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. झिणझिण गेली की परत दोन-चार वेळा चावायचं, परत ठेवायचं. अर्धा तास असंच. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, मळमळतं, उचक्या लागतात, आणि मग "मला सोसत नाही" म्हणून माणूस तो फेकून देतो. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात गम असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत घेऊ नका, निकोटिन नीट शोषलं जात नाही.

स्पर्धा खेळणाऱ्यांना डोपिंगची धास्ती असते. निकोटिनवर वाडाची, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची, बंदी नाही. 2012 पासून ते फक्त निरीक्षणाच्या यादीत आहे. डॉक्टरांनी दुसरी कुठली गोळी दिली तर मात्र आपण स्पर्धेत उतरतो हे त्यांना सांगा आणि त्या औषधाचं नाव चालू वर्षाच्या यादीत तपासून घ्या.

एक सावधगिरी. सिगारेट सोडली आणि तंबाखू मळायला लागला, अशी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. निकोटिन तेच राहतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ई-सिगारेट हाही मार्ग नाही. 2019 च्या कायद्यानं तिच्या विक्रीवर देशभर बंदी आहे.

पहिल्या आठवड्यात क्लास चुकवू नका, फाइट मात्र टाळा

धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. फुप्फुसं कितीही भरून घेतली तरी रक्तात ऑक्सिजनला जागा कमी पडते, दम तुटतो तो असा. सोडल्यावर साधारण 12 ते 24 तासांत हा वायू रक्तातून जवळपास निघून जातो. म्हणजे दुसऱ्या दिवशी क्लासला जाल तेव्हा रक्त आधीच सुधारलेलं असतं. मन तेवढं मागं असतं.

आणि ते मन फार चिडकं असतं. चौथ्या दिवशी मी नेहमीसारखा फाइटला उभा राहिलो. माझा जोडीदार रोजचा, वीस वर्षांचा पोरगा. त्यानं साधा स्कोअर घेतला आणि मी उलट ठोसा दिला, जो लागायच्या आधी थांबवायला हवा होता तो थांबवला नाही. त्याचा ओठ फुटला. ड्रेसच्या कॉलरवर रक्ताचे चार थेंब पडले. तो "चालतं सर" म्हणाला, पण चालत नाही. म्हणून सांगतो, पहिला आठवडा किहोन (मूळ तंत्रांचा सराव), काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) आणि पंचिंग बॅग एवढंच ठेवा. सरांना आणि जोडीदाराला आधी कल्पना द्या.

दम मोजायला एक सोपा उपाय आहे. बॅगवर दोन मिनिटांचा राउंड मारा, संपल्यासंपल्या नाडी मोजा, एक मिनिट थांबून परत मोजा. दोन्हींतला फरक वहीत लिहा. दर रविवारी हेच करा. मला पहिल्या रविवारी 19 चा फरक मिळाला, सहाव्या रविवारी 31 चा. पहिल्या काही आठवड्यांत खोकला वाढला तर घाबरू नका. धुरानं मंदावलेले श्वासनलिकेतले बारीक केस परत काम करायला लागतात आणि साचलेला कफ वर येतो. रक्त पडलं, छातीत दुखलं किंवा खोकला थांबेचना, तर डॉक्टरांकडे जा.

तलफ आली की

तलफ येते, चढते आणि उतरते, बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत. ओढली नाही तरी उतरते, हे आपण कधी थांबून पाहिलेलंच नसतं. नाकानं चार मोजत श्वास घ्या, ओठ जरा आवळून आठ मोजत पोटातून सोडा. सांचिन या श्वासावर भर देणाऱ्या कातात सोडतो तसा, पण जोर न लावता. इबुकीसारखा, म्हणजे पोट आवळून जोरानं, दाबून सोडलात तर डोकं गरगरेल. असे दहा श्वास घेतले की दोन मिनिटं जातात. मग पाणी प्या आणि जागेवरून उठा. जिना चढा, पटपट चाला, जमेल तिथं वीस बैठका मारा. दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यानंही तलफ उतरते, आणि आपल्याला तर अंग हलवायची सवयच आहे.

चहाचं प्रमाण निम्म्यावर आणा. कारण फक्त सवयीचं नाही. धुरामुळं यकृत कॅफिन लवकर फोडतं. सिगारेट बंद झाली की तोच चहा रक्तात जास्त वेळ राहतो, मग छाती धडधडते, झोप लागत नाही, आणि त्याचं खापर सिगारेट सोडण्यावर फुटतं. टपरीवर जायचंच असेल तर कप उजव्या हातात धरा, ज्या हातात सिगारेट असायची त्या. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला 2020 पासून बंदी असली तरी टपरीवर ती मागितली की मिळते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पहिला महिना मी ती टपरीच सोडली.

पार्किंगचा प्रश्न मी असा सोडवला: क्लास सुटला की ड्रेस न बदलता थेट घर. बेल्ट बांधलेला असताना ओढायची नाही, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तेच कामी आलं.

एखादी ओढली गेली तर

हरलेल्या फाइटचा व्हिडिओ आपण बघतो, गार्ड कुठं खाली आला ते शोधतो. तेच करा. वही काढा, वेळ-जागा-सोबत लिहा आणि उरलेलं पाकीट पाण्यात भिजवून टाका. पुढची तारीख ठरवत बसू नका, त्याच तासापासून परत चालू करा.

बहुतेक जण घसरतात ते बाहेरगावच्या स्पर्धेत. दिवसभर पंचगिरी, फाइट्स लांबलेल्या, स्टेडियमच्या मागं ओळखीचे चार कोच उभे. कुणीतरी पाकीट पुढं करतो. "सोडलीय" म्हटलं की "अरे, एक घे, काय होतंय" सुरू होतं. "मी ओढत नाही" म्हटलं की पाकीट मागं जातं. स्पर्धेला निघण्याआधी हे वाक्य घरी दहा वेळा मोठ्यानं म्हणून बघा, तोंडात बसलं पाहिजे. आणि परतीच्या बसमध्ये पुढं, मुलांच्या शेजारी बसा.