भाजणी ओळखा, मग पाणी तापवा

एकाच पोत्यातले शेंगदाणे तीन घाण्यांत भाजले, तर एक घाणा कच्चट राहतो, एक खमंग होतो आणि एक करपतो. कॉफीचंही तसंच. फरक इतकाच, की शेंगदाणा आपण चावून खातो आणि कॉफीच्या दाण्यातली चव पाण्याकरवी बाहेर काढावी लागते. इथे भाजणीचा खरा परिणाम दिसतो. लाइट रोस्टचा, म्हणजे कमी भाजलेला दाणा टणक असतो आणि पाण्याला सहजासहजी आत शिरू देत नाही. डार्क रोस्टचा, म्हणजे जास्त भाजलेला दाणा फुगून सच्छिद्र, ठिसूळ झालेला असतो; पाणी लागताच चांगलं-वाईट सगळं सोडून देतो. म्हणून दोन्हींना एकच दळण, एकच पाणी आणि एकच वेळ दिली, की पहिली कॉफी आंबट-पाणचट होते आणि दुसरी कडू. दाणे बदलले की कृती बदलायची, हे आधी पक्कं करा.

भट्टीत दाण्याचं तापमान साधारण १९६ अंश सेल्सिअसला पोचलं की दाणे लाहीसारखे तडतडतात. याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. २२४ अंशांच्या आसपास दुसरा, बारीक आवाजाचा तडतडाट होतो. पहिल्या तडतडाटात किंवा तो संपता संपता उतरवले तर लाइट, दोन्हींच्या मध्ये मिडियम, दुसऱ्याच्या तोंडावर किंवा पुढे गेले तर डार्क. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, दाणा हातात घेऊन पाहा. लाइटचा दाणा फिकट तपकिरी, कोरडा असतो आणि दाताखाली कडक लागतो. डार्कचा दाणा काळपट, बहुधा तेलकट असतो आणि दोन बोटांनी दाबून फुटतो. भट्टीत डार्कचं वजन जास्त घटतं आणि आकार फुगतो, त्यामुळे एक चमचा लाइट आणि एक चमचा डार्क यांचं वजन सारखं भरत नाही. मोजमाप चमच्याने नको, ग्रॅमने करा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा त्यासाठी पुरेसा आहे. सराफ बाजाराच्या जळगावात असा काटा शोधत फिरावं लागणार नाही.

दाणे घेताना

‘बेस्ट बिफोर’ नव्हे, भाजल्याची तारीख बघा. ती छापलेलीच नसेल तर पाकीट परत ठेवा. ताज्या भाजलेल्या दाण्यातून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत असतो. तो भरपूर असताना कॉफी केली तर वायू पाण्याला नीट भिडू देत नाही. डार्कला ४ ते ७ दिवस, मिडियमला आठवडाभर आणि लाइटला १० ते १४ दिवस विसावा द्या. कुरिअरने माल यायला जे दोन-चार दिवस लागतात, ते यातच धरा.

आपल्याकडे किराणा दुकानात बहुतेक इन्स्टंट किंवा चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड) मिसळलेली पूड मिळते, त्यामुळे अख्खे दाणे ऑनलाइन किंवा पुण्या-मुंबईहून मागवणं सोयीचं. देशातली बहुतांश कॉफी कर्नाटकातल्या चिकमगळूर, कोडगू आणि हासन या जिल्ह्यांतून येते. शिवाय केरळातलं वायनाड आणि आंध्रातली अराकू दरी. पाकिटावरचे काही शब्द कळले तर निवड सोपी होते. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. ‘प्लांटेशन’ म्हणजे गर धुऊन सुकवलेली अरेबिका, चवीला स्वच्छ आणि किंचित फळाच्या आंबटपणाची. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेले दाणे, अंगाने भारी. ‘पीबेरी’ म्हणजे ज्या फळात दोनऐवजी एकच गोल दाणा भरतो, तो वेगळा काढलेला माल. ‘मॉन्सून्ड मलबार’चे दाणे पश्चिम किनाऱ्यावरच्या पावसाळी दमट हवेत मुद्दाम फुगवलेले असतात, आंबटपणा जवळपास जातो आणि दुधात ते झकास लागतात. रोबस्टामध्ये कॅफिन अरेबिकाच्या सुमारे दुप्पट, चव कडवट आणि फेस जास्त.

निवडीचा साधा नियम असा: दुधाची पिणार असाल तर मिडियम-डार्क किंवा डार्क, थोडा रोबस्टा असला तरी उत्तम. काळी पिणार असाल तर लाइट किंवा मिडियम अरेबिका. पहिल्यांदाच दाणे आणत असाल तर मिडियमपासून सुरुवात करा, कारण त्यात थोडी चूक खपून जाते.

पाकीट २५० ग्रॅमचंच घ्या. एका कपाला १५ ग्रॅम धरले तर १६ कप होतात. दोघांच्या घरात रोज एकेक कप म्हणजे आठ दिवसांचा साठा. किलोचं पाकीट स्वस्त पडतं खरं, पण खान्देशच्या उन्हाळ्यात ते परवडत नाही. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या घरात जातो आणि उष्णतेने दाण्यांचं तेल लवकर खवट होतं. डार्क रोस्टचं तेल पृष्ठभागावरच आलेलं असल्याने तो सगळ्यात आधी जातो. घट्ट झाकणाचा, अपारदर्शक डबा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत ठेवा. काळ्या मसाल्याच्या बरणीशेजारी तर अजिबात नको. कॉफी वास पटकन ओढून घेते. उघडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवलं तर दर वेळी बाहेर काढताना दाण्यांवर दव धरतं. जास्त माल साठवायचाच असेल तर ६० ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करून डीप फ्रीझरमध्ये टाका आणि एकेक पुडी बाहेर काढून तिचा गारठा पूर्ण गेल्यावरच उघडा.

पाणी: आपल्याकडची खरी अडचण

कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. महागडे दाणे आणूनही चव लागत नाही, अशी तक्रार असेल तर आधी पाण्याकडे बघा. बोअरचं पाणी बहुधा जड असतं: साबणाला फेस येत नाही, किटलीत पांढरा थर बसतो. या पाण्यातले बायकार्बोनेट क्षार कॉफीतलं आम्ल मारून टाकतात. लाइट रोस्टची सगळी मजा त्या आम्लात असते, म्हणून जड पाण्यात ती खडूसारखी बेचव लागते. डार्क रोस्टमध्ये आम्ल मुळातच कमी, त्यामुळे तिथे नुकसान कमी होतं, पण कॉफी मंद आणि मातकट होतेच.

उलट नुसतं आरओचं पाणी वापरलं, तर त्यात क्षार फारसे उरलेले नसतात. चव ओढून आणायला थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं आणि आम्लाला आवर घालायला थोडे बायकार्बोनेट. दोन्ही फारसे नसल्यामुळे कॉफी पातळ आणि टोचरी आंबट होते. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) साधारण १५० च्या आसपास असलेलं पाणी कॉफीला मानवतं. ७५ ते २५० पर्यंत चालतं.

उपाय म्हणजे मिश्रण. बोअरचा टीडीएस ६०० आणि आरओचा ४० असेल, तर २०० मिली बोअरचं आणि ८०० मिली आरओचं एकत्र केल्यावर आकडा १५० च्या आसपास येतो. आरओ दुरुस्तीला येणाऱ्याकडे टीडीएस मीटर असतो, त्याच्याकडून दोन्ही पाणी मोजून घ्या. मात्र टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे. त्यात मीठही मोजलं जातं. चवीला खारट लागणारं बोअरचं पाणी मिसळू नका. आणि ते पाणी पिण्यालायक आहे याची खात्री असेल तरच हा प्रयोग करा, कारण नायट्रेट किंवा फ्लोराइड उकळून जात नाहीत. आरओ नसेल तर जड पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, निवू द्या, तळाशी पांढरा साका बसेल. वरचं पाणी अलगद ओतून घ्या. बायकार्बोनेटमुळे आलेल्या जडपणाचा बराचसा भाग साक्यात राहतो. जळगाव शहरात वाघूर धरणाचं नळाचं पाणी येतं, तिथे आधी ते तसंच वापरून बघा. क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघडं ठेवा किंवा उकळून घ्या.

दळण

गिरणीवर दादर (ज्वारी) दळायला टाकताना आपण जाड की बारीक ते सांगतो, इथेही तेच सांगणं आहे. फ्रेंच प्रेसला (पूड पाण्यात भिजवून जाळीचा दांडा दाबायचं भांडं) जाड्या रव्याएवढं, कागदी फिल्टरच्या पोअर ओव्हरला (ड्रिपर नावाच्या शंकूत कागद ठेवून वरून पाणी ओतायची पद्धत) बारीक साखरेएवढं, मोका पॉटला (गॅसवर ठेवायची किटली, तळातलं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढतं) मिठापेक्षा किंचित बारीक, आणि दक्षिणी फिल्टरला (दोन मजली डबा, वरून खाली अर्क ठिबकतो) बारीक रवा आणि पीठ यांच्या मधलं. हे मिडियम रोस्टचं माप. लाइट असेल तर ग्राइंडरवरच्या एक-दोन खुणा बारीक, डार्क असेल तर एक-दोन खुणा जाड.

हाताने फिरवायचा, दात असलेला ग्राइंडर घेणं हा सगळ्यात उपयोगी खर्च. मशीनपेक्षाही आधी तो घ्या. तोपर्यंत मिक्सर चालवावा लागला, तर मसाल्याचं भांडं वापरू नका, कितीही घासलं तरी वास राहतो. कोरड्या, थंड भांड्यात दोन-दोन सेकंदांचे आठ-दहा झटके द्या आणि दर वेळी भांडं हलवा. सलग फिरवलं तर पूड तापते. मग रव्याच्या चाळणीने मोठे तुकडे वेगळे काढा आणि गाळणीतून खाली पडणारी भुकटीही बाजूला करा. पातं दाणे कापतं, दळत नाही, त्यामुळे भुकटीतून कडूपणा आणि तुकड्यांतून आंबटपणा एकाच कपात येतो.

भाजणीप्रमाणे मापं

पोअर ओव्हरला १५ ग्रॅम पूड आणि २४० मिली पाणी घ्या. कागद आधी गरम पाण्याने धुवा, नाहीतर कागदाची चव उतरते. पुडीवर ४५ मिली पाणी ओतून ४५ सेकंद थांबा. पूड फुगून वायू निघून जाऊ द्या. बाकीचं पाणी तीन वेळा, गोल फिरवत ओता. लाइटला उकळी येताच, ९६ ते ९८ अंशांचं पाणी, आणि एकूण वेळ ३ ते साडेतीन मिनिटं. मिडियमला ९२ ते ९४ अंश आणि पावणेतीन ते तीन मिनिटं. डार्कला ८६ ते ८८ अंश, सव्वादोन ते अडीच मिनिटं, आणि पाणी २४० ऐवजी २१० ते २२५ मिली. डार्कचं शेवटचं पाणी नुसता कडूपणा आणतं, ते टाळायचं.

जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणून आपल्याकडे पाणी ९९ अंशांच्या थोडं वरच उकळतं. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी एका थंड भांड्यात ओता, साधारण पाच-सहा अंश उतरतात. दुसऱ्या भांड्यात ओतलं की आणखी तेवढेच. हा अंदाज ऋतूप्रमाणे बदलतो. मे मधल्या चाळिशीच्या खोलीत पाणी हळू निवतं, आणि डिसेंबरात धुळे-नंदुरबारकडे पहाटे बोचरी थंडी असते तेव्हा भराभर. हिवाळ्यात लाइट रोस्ट करताना कप, ड्रिपर, सगळं आधी गरम पाण्याने खळखळून घ्या, नाहीतर आंबटपणा आलाच म्हणून समजा.

फ्रेंच प्रेसमध्ये ३० ग्रॅमला ४८० मिली. लाइट ६ मिनिटं, मधे एकदा ढवळून; डार्क ४ मिनिटं, न ढवळता. वरचा फेस चमच्याने काढा, दांडा सावकाश दाबा आणि कॉफी लगेच पूर्ण ओतून घ्या. भांड्यात राहिली तर अर्क उतरतच राहतो. मोका पॉटमध्ये पूड सपाट भरा, पण कधीही दाबू नका, आणि पाणी व्हॉल्व्हच्या खालीच ठेवा. लाइटला तळात उकळतं पाणी, डार्कला साधं पाणी आणि मंद आच. खर्रखर्र सुरू होताच उतरवा.

दक्षिणी फिल्टरमध्ये २० ग्रॅम पूड, वरची चकती हलकी टेकवून ठेवायची, दाबायची नाही. आधी ३० मिली गरम पाणी, अर्धा मिनिट थांबून ७० मिली. डिकॉक्शन, म्हणजे खाली ठिबकणारा दाट अर्क, उतरायला १५ ते २० मिनिटं लागावीत. पाच मिनिटांत उतरलं तर दळण जाड झालंय. अर्ध्या तासानंतरही वर पाणी साचलेलं असेल तर बारीक झालंय. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे चिकोरी असलेल्या पुडीचं दळण थोडं जाड लागतं. पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापणं बंधनकारक आहे आणि कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. ८०:२० पुरे; त्यापुढे रंग आणि दाटपणा वाढतो, कॉफीची चव मागे पडते.

म्हशीच्या दुधातली साय-स्निग्धता लाइट रोस्टची नाजूक चव पार झाकून टाकते. तिथे डार्कचंच डिकॉक्शन हवं. एक भाग डिकॉक्शन आणि दोन ते तीन भाग गरम दूध. उन्हाळ्यात दूध जरा जरी उतरायला लागलं असेल, तर लाइट रोस्टच्या आम्लाने ते कपातच फाटतं. अशा दिवसांत दुधाच्या कॉफीला डार्क किंवा मॉन्सून्ड मलबार वापरा, म्हणजे फाटण्याची भीती कमी.

बिघडलं तर

आंबट, फिकट, किंचित खारट लागली तर अर्क कमी उतरला: दळण बारीक करा, तेवढ्याने भागलं नाही तर पाणी जास्त गरम. कडू आणि जीभ कोरडी पडणारी असेल तर जास्त उतरला: दळण जाड, मग पाणी कमी गरम. चव बरोबर पण पाणचट असेल तर दळणाला हात न लावता पूड १ ग्रॅम वाढवा. आंबट आणि कडू एकदमच लागली तर दोष ग्राइंडरचा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवून त्यावर ग्रॅम, खूण आणि वेळ लिहीत जा. पाकीट उघडून आठवडा झाला की चव फिकी पडायला लागते. तेव्हा दळण एक खूण बारीक करून बघा, आणि त्यानेही सुधारलं नाही तर उरलेले दाणे रात्रभर गार पाण्यात भिजवायच्या कॉफीला वापरा: जाड दळलेली ५० ग्रॅम पूड, ५०० मिली पाणी, फ्रिजमध्ये १४ तास, मग फडक्यातून गाळून.