जाम झालेला प्लग आणि गॅरेजच्या लाइनीत नवीन आलेली पोरं

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलचा 2 वर्षांचा ट्रेड करून आलेला असो नाहीतर थेट हेल्पर म्हणून लागलेला, प्रत्येक पोरगा पहिल्या जाम स्पार्क प्लगला (इंजिनात ठिणगी पाडणारा तो) एकच विचारतो, दादा अजून किती जोर लावू? मी म्हणतो पाना खाली ठेव आणि आधी मला सांग गाडी कुठली, प्लग शेवटचा कधी निघाला होता आणि इंजिन गार आहे का. शाळेतल्या इंजिनवर प्लग दर बॅचला निघतात आणि बसतात त्यामुळे ते कधी जाम होतच नाहीत, खरी मजा रस्त्यावरच्या गाडीत असते जिथे वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नसतो.

गाडी कुठली हे विचारायचं कारण म्हणजे पुण्यात पिकअप म्हटलं की जास्त करून डिझेल. डिझेल बोलेरो पिकअपमध्ये स्पार्क प्लग शोधत बसाल तर सगळं गॅरेज हसेल, डिझेलला ग्लो प्लग असतात, ठिणगी नाही, नुसतं गरम करणारे आणि ते अडकले तर तो वेगळाच ताप आहे, बारीक असतात, पटकन तुटतात. आपलं हे काम म्हणजे पेट्रोल-सीएनजीवाल्या छोट्या पिकअप, सुपर कॅरी किंवा छोट्या हत्तीची पेट्रोल, सीएनजी मॉडेलं. सुपर कॅरीचं इंजिन सीटखाली, सीट उचलून काम करायचं, सरळ उभं राहायला जागा नाही. त्यात सर्व्हिसिंगला प्रेशरने पाणी मारलेलं असतं, ते कॉइलखालच्या (कॉइल म्हणजे प्लगला करंट देणारी) खड्ड्यात साचतं आणि प्लगच्या षटकोनाला गंज धरतो.

जाम का होतो हे डोक्यात बसलं की हात आपोआप सावध होतो. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग ज्यात प्लग बसतो, ते अ‍ॅल्युमिनियमचं, प्लगची बॉडी लोखंडी. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, आणि दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना चिकटून बसले की आट्यांमध्ये पांढरी पावडर धरते. खालच्या टोकाला ज्वलनाचा कार्बन आट्यांवर चढतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधीच्या माणसाने टी पाना दोन्ही हातांनी आवळलेला असतो. गरम इंजिनवर प्लग काढू नका म्हणतात ते याचसाठी, गरम अ‍ॅल्युमिनियम मऊ पडलेलं असतं आणि प्लगबरोबर आटेही बाहेर येतात. रात्री गाडी लावून घ्या, सकाळी हात घाला.

आता जे कुठल्याच पुस्तकात नसतं ते. पाना लावायच्या आधी मालकाशी बोला. मार्केटयार्डात भाजी टाकणारे एक काका गाडी घेऊन आले होते, मिसफायर होत होती, चढाला ओढत नव्हती. तीन प्लग सुटले, तिसऱ्या सिलिंडरचा हलेना. काका म्हणाले, "पोरा, पहाटे माल उचलायचाय, काय ते लवकर कर." मी म्हटलं, "काका, आत्ता ओढला तर तासात निघेल पण आटे गेले तर हेड खोलावं लागेल, मग गाडी आठवडाभर इथेच. रात्रभर तेल मुरू द्या." दोन मिनिटं कुरकुरले, मग भावाची गाडी बोलावली. हेच प्लग तुटल्यावर सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि त्यांचं बरोबरच असतं. जॉब कार्डवर लिहायचं, प्लग जाम, आटे जाण्याची शक्यता मालकाला सांगितली, खाली सही.

काम असं. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा, सीएनजीच्या टाकीचा वॉल्व्ह बंद. कॉइल सरळ उपटू नका, आधी थोडी फिरवून रबर सोडवा. मग खड्ड्यात हवा मारा, चष्मा घालून, कारण तिथली वाळू प्लग सुटला की सिलिंडरमध्येच जाते. डब्ल्यूडी फोर्टी किंवा तसलं कुठलंही गंज सोडवणारं तेल थोडं सोडा आणि चहाला जा, खरं तर घरीच जा. दुसऱ्या दिवशी गोटी, म्हणजे पान्याचं सॉकेट, पूर्ण खाली बसलीय ना बघा, एक्स्टेन्शन सरळ, मधे युनिव्हर्सल जॉइंट नको कारण तिरका जोर पडला की प्लगचं पांढरं पोर्सलीन तुटतं. इम्पॅक्ट गनला तर हातच लावू नका.

मग केसभर आवळायचा. हो, आवळायचा, त्याने चिकटलेली पावडर फुटते. मग उलटा, पाव वळणापेक्षा कमी. सुटतो तेव्हा कट्ट असा आवाज येतो आणि हाताला एकदम हलकं लागतं. हे शुभ लक्षण. आवाज नाही आणि पाना रबरासारखा ओढला जातोय, सोडला की मागे येतोय, तर थांबा, प्लगची मान पिळली जातेय. परत तेल, परत वाट. सुटल्यावरही घाई नाही. बऱ्याच प्लगना 19 मिलिमीटर आटे असतात आणि 14 मिलिमीटर जाडीचे आटे 1.25 च्या पिचचे, एका वळणाला 1.25 मिलिमीटर सरकतात, म्हणजे पंधराएक वळणं. चार वळणांनंतर परत जड लागलं तर तो कार्बन आहे, एक वळण मागे, दोन पुढे, मधेमधे तेल. काकांचा प्लग असाच निघाला, खालच्या तीन आट्यांवर काळं डांबर बसल्यासारखं, इलेक्ट्रोड झिजून अर्धा.

यूट्यूबवर बघून येणाऱ्यांसाठी एक. फोर्डच्या अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ खूप फिरतात, त्यातल्या 5.4 लिटर 3 वॉल्व्ह इंजिनचे जुने प्लग दोन तुकड्यांचे असायचे आणि खालची लांब नळी हेडमध्येच राहायची, त्यासाठी खास पुलर निघाले. ते टूल आपल्याकडच्या प्लगला चालत नाही. तेल मुरवायची आणि मागेपुढे करायची पद्धत मात्र तीच.

आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग, बसवता येते, पण हेड जागेवर ठेवून टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारला की बुरादा आत पडतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून बराचसा धरता येतो. तरी तुमच्या पहिल्या वर्षात हे करू नका, उस्तादाला बोलवा, नाहीतर हेड काढून लेथवाल्याकडे द्या. कमीपणा काही नाही त्यात.

प्लग निघाल्यावर आत गेलेलं तेल बाहेर काढायला कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, बॅटरी परत जोडून, भोकांवर फडकं टाकून दोनचार सेकंद सेल्फ मारा, मग बॅटरी परत काढा. नवा प्लग आधी हाताने, रबरी नळीच्या तुकड्यात खोचून फिरवायचा, म्हणजे आटे तिरके लागले तर नळीच घसरते. मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरालाच आवळायचा पाना, अ‍ॅल्युमिनियम हेड आणि वॉशरवाला 14 चा प्लग असेल तर 25 ते 30 न्यूटन मीटर, 12 चा असेल तर 15 ते 20. आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ नये म्हणूनची पेस्ट) लावायची सवय काहींना असते, पण कोटिंगवाल्या प्लगला कंपन्याच नको म्हणतात, कारण निसरड्या आट्यांवर त्याच आकड्याला जास्त आवळला जातो. सीएनजीला गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, मॅन्युअलमध्ये बघूनच ठेवा, तिथे ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं.

पगारातून पहिलं टूल घ्यायचं तर 16 आणि 21 ची चुंबकवाली प्लग गोटी घ्या, मग टॉर्क रेंच. नाना पेठेत, रविवार पेठेत फिरून भाव काढा, रेंच मात्र जुन्या बाजारातला नको, त्याचं कॅलिब्रेशन कुठं बिघडलंय कळत नाही. आणि काढलेले प्लग सिलिंडरच्या नंबराने ओळीत ठेवून मालकाला दाखवा, कुठला तपकिरी, कुठला काळा, कुठला तेलकट. काकांनी तो तिसरा प्लग खिशात टाकून नेला आणि पुढच्या महिन्यात गाळ्यावरच्या दोघांच्या गाड्या पाठवल्या, दोन्ही डिझेल.