विमान कंपन्या मार्ग का बंद करतात : नेटवर्क प्लॅनिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

विमान रिकामं उडतं म्हणून मार्ग बंद होतो, हा समज पहिल्याच आठवड्यात सोडून द्या. भरलेली उड्डाणंही बंद होतात. विमान तासांवर कमावतं. तेच तास दुसऱ्या मार्गावर जास्त पैसे देत असतील, तर चांगला मार्गही जातो.

प्रत्येक मार्गाचा खर्च दोन भागांत मांडायचा. इंधन, हाताळणी, दिशादर्शन शुल्क आणि तास व उड्डाणांच्या संख्येवर पडणारी देखभाल हा पहिला भाग. उड्डाण रद्द केलं तर तो वाचतो. विमान भाड्याने घेतल्याचं भाडं (लीज), वैमानिकांचे ठरलेले पगार, विमा हा दुसरा. मार्ग बंद केला तरी तो भरावाच लागतो. नवखे लोक दोन्ही एकत्र करून ‘तोटा’ काढतात. पहिला भाग वसूल होऊन वर चार पैसे उरत असतील आणि विमानाला दुसरं काम नसेल, तर मार्ग चालू ठेवणंच शहाणपणाचं.

आता विमानाचा आकार. जळगाव–मुंबई सरळ अंतर सुमारे 355 किमी. गणितापुरते आकडे धरू : 72 आसनी एटीआरचा (पंख्यावर चालणारं छोटं विमान) एका बाजूच्या फेरीचा पूर्ण खर्च 2.4 लाख रुपये, कर वजा जाता सरासरी तिकीट 4,800 रुपये. 50 प्रवासी झाले की खर्च निघाला, म्हणजे लोड फॅक्टर (भरलेल्या आसनांचं प्रमाण) 69 टक्के. त्याच मार्गावर 76 आसनी एम्ब्रेअर 175 जेटचा खर्च 3.6 लाख धरला, तर 75 प्रवासी लागतात. असं जवळजवळ पूर्ण भरलेलं विमान रोज मिळत नाही. आणि जेटमुळे हवेतला वेळ वाचतो जेमतेम पंधरा मिनिटं.

नांदेड–दिल्ली मात्र सुमारे 1,050 किमी. तिथे जेट एका बाजूला पाऊण तास वाचवतं, जाऊन-येऊन दीड तास. एवढ्या वेळात दिवसाला एक छोटी फेरी वाढू शकते. प्रादेशिक जेटची खरी जागा ही : एअरबससारख्या मोठ्या विमानाला पुरेसे प्रवासी नाहीत आणि एटीआरला अंतर जास्त. ते दोनशे-तीनशे किलोमीटरवर लावलेलं दिसलं, तर त्या मार्गाचं भवितव्य अवघड समजावं.

वजनाची रेषाही पाठ असू द्या. 40 टनांपेक्षा कमी कमाल उड्डाण-वजनाच्या शेड्यूल्ड (ठरलेल्या वेळापत्रकाने उडणाऱ्या) विमानांच्या इंधनावरील विक्रीकराला केंद्रीय कायद्याने कमाल मर्यादा घातली आहे. एम्ब्रेअर 175 त्या रेषेखाली बसवता येतं, एम्ब्रेअर 190 बसत नाही. विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर 80 पेक्षा कमी आसनक्षमतेच्या देशांतर्गत विमानांना लँडिंग शुल्कही माफ असतं. 78 आसनांची एटीआर दिसते, त्यामागे हाही हिशेब आहे.

‘उडान’ या छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या सरकारी योजनेतलं अनुदान नेहमी वेगळ्या रकान्यात लिहा. ते तीन वर्षांपुरतं असतं, आणि ते वजा केल्यावरचं चित्रच खरं. कॅगच्या (सरकारी खर्चाचे महालेखापरीक्षक) 2023 च्या अहवालानुसार उडान-3 म्हणजे तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च 2023 पर्यंत त्यातले 54 टिकले. हा आकडा वाचून वाईट वाटतं, कारण छोट्या शहराची विमानसेवा एकदा गेली की प्रवासी रेल्वेकडे वळतात आणि त्यांना परत आणायला महिने जातात.

सरासरी लोड फॅक्टरवर तर मुळीच विसंबू नका. शुक्रवारी संध्याकाळी एका दिशेला 95 टक्के आणि परतताना 45 टक्के, याची सरासरी 70 येते. पण भरलेल्या बाजूला नाकारलेले प्रवासी त्यात दिसत नाहीत. दिशा, वार आणि वेळ वेगळी करा. मुंबईचा स्लॉट (उतरण्या-उडण्याची नेमून दिलेली वेळ) गैरसोयीच्या वेळी मिळाला असेल, तर मागणी नव्हे, वेळापत्रक हरलेलं असतं. एकाच विमानावर सगळ्या फेऱ्या गुंफल्या असतील, तर सकाळच्या धुक्याचा उशीर संध्याकाळपर्यंत पोचतो आणि छोट्या विमानतळाची कामकाजाची वेळ संपल्याने शेवटची फेरी रद्द होते. असं वरचेवर झालं की व्यावसायिक प्रवासी आधी जातो, आणि महाग तिकीट तोच काढत असतो.

सरावासाठी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) दरमहा येणारी शहर-जोडीनिहाय प्रवासीसंख्या घ्या. एक छोटं शहर निवडून दोन वर्षांचा तक्ता करा आणि ऑक्टोबर व मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आसपास नीट पाहा. हंगामी वेळापत्रक तेव्हा बदलतं. आधी आठवड्याच्या सात फेऱ्यांच्या चार होतात, मग वेळ बदलते, आणि पुढच्या हंगामात मार्ग यादीतून गायब होतो.